मार्टी, माझा भाचा आणि १,४०० रुपये

“मावशी, यात कोणाकडेच फोन कसा नाही?”

२१ ऑक्टोबर २०२५, लक्ष्मीपूजनाची दुपार. बेंगळुरूच्या बनशंकरी भागात ताईच्या घरी आम्ही तिघं हॉलमध्ये खालीच बसलो होतो. मी, १३ वर्षांचा भाचा, १२ वर्षांची भाची आणि मध्ये चिवड्याचा डबा. टीव्हीवर ‘बॅक टू द फ्युचर’चा दुसरा भाग लागला होता. पहिला भाग रविवारीच संपवला होता, कारण तो न बघता दुसरा नीट कळत नाही.

हा दिवस मी मुद्दाम निवडला होता. १९८९ च्या या सिनेमात मार्टी नावाचा मुलगा डॉक ब्राउन या विक्षिप्त शास्त्रज्ञाच्या गाडीतून १९८५ मधून थेट २१ ऑक्टोबर २०१५ ला येऊन पोचतो. सिनेमा बनवणाऱ्यांसाठी ते लांबचं भविष्य होतं. माझ्यासाठी ते निपाणीतलं दहावीचं वर्ष. आणि भाचरं तेव्हा ३ आणि २ वर्षांची.

“म्हणजे हे भविष्य आमच्या लहानपणीचं आहे?” भाची म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली.

मग काय खरं ठरलं आणि काय नाही, याचा खेळच सुरू झाला. भिंतीवरच्या टीव्हीवर व्हिडिओ कॉल? बरोबर. अंगठा लावून टॅक्सीचे पैसे देणं? जवळजवळ बरोबर. घरभर फॅक्स मशीन? “फॅक्स म्हणजे काय गं मावशी?” उडणाऱ्या गाड्या? साफ चूक. सिल्क बोर्डच्या सिग्नलला रोज अडकणाऱ्या दाजींच्या मते तर सगळ्यात मोठी फसवणूक हीच.

एक विनोद मात्र मुलांना माझ्या आधी कळला. सिनेमातल्या २०१५ मध्ये शिकागो कब्ज हा बेसबॉल संघ जिंकल्याची बातमी दिसते. कब्ज १९०८ नंतर कधी जिंकलेच नव्हते, म्हणून अमेरिकन प्रेक्षकांना त्यात गंमत होती. “म्हणजे आपली आरसीबी!” भाचा ओरडला. दर वर्षी ‘ई साला कप नमदे’, यंदा कप आपलाच, असं म्हणत १७ वर्षं काढलेल्या शहरातल्या मुलांना याहून जास्त काय समजावून सांगायचं? कब्ज खरोखर जिंकले ते २०१६ मध्ये, आणि आरसीबी ३ जून २०२५ ला.

सिनेमाची खरी गोष्ट पुढे सुरू होते. मार्टी २०१५ मध्ये एक पुस्तक विकत घेतो. १९५० ते २००० पर्यंतच्या सगळ्या खेळांचे निकाल त्यात छापलेले. मागे जायचं, जिंकणाऱ्यावर पैसे लावायचे, बस्स! डॉक त्याला रागावतो आणि ते फेकून देतो. पण म्हातारा बिफ ते उचलतो, गाडी पळवतो आणि १९५५ मधल्या तरुण बिफच्या हातात नेऊन देतो. मार्टी घरी परततो तेव्हा त्याचं गाव ओळखू येत नाही. बिफ गब्बर झालाय, मार्टीच्या वडिलांचा खून झालाय. (हा भाग बराच अंधारा आहे आणि शिव्याही आहेत. ८-९ वर्षांच्या मुलांसोबत बघणार असाल तर आधी स्वतः बघून घ्या.)

इथे डॉक फळ्यावर एक रेघ काढून तिला फुटलेली दुसरी रेघ दाखवतो. भाची गोंधळली. मी फरशीवर रांगोळीने तशीच रेघ काढली आणि तिला जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा सांगितली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन पोचतात, जिथे १७६१ मध्ये पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही. ती निसटती गेली आणि मराठे जिंकले. एवढ्याशा फरकाने पुढचा सगळा इतिहास बदलला.

“तुम्हाला अशी गाडी मिळाली तर कुठे जाल?” मी विचारलं.

भाची लगेच म्हणाली, “४ जून. चिन्नास्वामीच्या गेटवर. सगळ्यांना सांगेन, घरी जा, टीव्हीवर बघा.”

आम्ही गप्प झालो. विजयाच्या दुसऱ्याच दिवशी तिथल्या चेंगराचेंगरीत ११ जण गेले होते. ती गोष्ट हिच्या मनात एवढी बसली आहे हे मला माहीत नव्हतं.

“मी मे महिन्यात जाईन,” भाचा म्हणाला.

“कशाला?”

“सुम्ने.” कन्नडमध्ये ‘उगाच’. पण तो टीव्हीकडे बघत नव्हता.

सिनेमा संपल्यावर मी बाल्कनीत आकाशकंदिलाची वायर जोडत होते. तो स्टूल धरायला आला आणि हळूहळू सगळं बाहेर पडलं. मे महिन्यात, आयपीएल चालू असताना, कॉलनीतला एक मोठा मुलगा आपल्या फोनवर पैसे लावून खेळायचा. कुठल्याशा ग्रुपवर ‘पक्के अंदाज’ मिळायचे. भाच्याने पहिल्यांदा ५० रुपये दिले, १५० मिळाले. नंतर फक्त गेले. थांबतो म्हणाला तर बाकीची मुलं ‘पुक्कल’ म्हणायला लागली. पुक्कल म्हणजे भित्रा. आजीने वाढदिवसाला दिलेले १,४०० रुपये संपले आणि ताईला त्याने सांगितलं, सायकलसाठी साठवतोय.

“मार्टीला पण कोणी भित्रा म्हटलं की तो काहीही करतो ना,” तो म्हणाला. अगदी खरं. सिनेमातल्या २०१५ मध्ये ४७ वर्षांच्या मार्टीला त्याचा सहकारी व्हिडिओ कॉलवर भित्रा म्हणतो, तो नको त्या व्यवहाराला हो म्हणतो आणि लगेच नोकरी जाते.

मी त्याला समजावणार होते, पण शब्द घशातच अडकले. मी कंटेंट रायटर आहे. बीए इंग्रजीनंतरच्या पहिल्या नोकरीत मी अशाच एका अ‍ॅपसाठी मराठी नोटिफिकेशन लिहायचे. माझी सगळ्यात जास्त क्लिक मिळालेली ओळ होती, “सगळे खेळतायत. तू नुसता बघतच बसणार?” त्यासाठी मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं होतं. ते काम मी तत्त्वासाठी सोडलं असं सांगायला आवडलं असतं. खरं म्हणजे क्लायंटने करार संपवला.

हे मी त्याला सांगितलं. दाराआडून ऐकणारी भाची पुढे आली.

“म्हणजे मावशी, ते पुस्तक तू लिहिलंस?”

लहान मुलं एवढं नेमकं कसं बोलतात कोण जाणे. ‘हो’ म्हणायला मला बराच वेळ लागला.

पूजा झाल्यावर त्याने ताई-दाजींना स्वतः सांगितलं. माझं त्याच्यानंतर मी सांगितलं. ताई आधी चिडली. मग म्हणाली, “पैशांचं राहू दे. पाच महिने एकटाच हे घेऊन फिरलास, माझ्याकडे यावंसं वाटलं नाही?” दाजींनी ठरवलं, खाऊच्या पैशांतून महिन्याला १०० रुपये कापायचे. भाच्याने बोटांवर मोजलं, “नोव्हेंबरपासून १४ महिने. डिसेंबर २०२६.” भविष्यातली एवढी एक तारीख आमच्या घरात पक्की झाली.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्या मुलाच्या फोनवरचा खेळ तेव्हाच बंद पडला. पण ‘पुक्कल’ म्हणणारी मुलं अजून त्याच बसस्टॉपवर उभी असतात आणि माझ्या भाच्याची बस तिथेच थांबते. तिथे त्याच्यासोबत ना आई असणार, ना मावशी.

झोपायच्या आधी त्याने विचारलं, “तिसऱ्या भागात मार्टी सुधारतो का?”

मला उत्तर माहीत होतं. तरी म्हटलं, “भाऊबीजेला बघू.” आता तो डबा परत भरतोय, भाची रिमोट शोधतेय आणि दोघंही मला हाका मारतायत.

(नाव लिहायचं नाही, या एका अटीवर भाच्याने हे छापायची परवानगी दिली आहे.)