सोफ्याखालची चासी

टेक्सासमधला माझा मेव्हणा जुनं मोटारघर घेतोय. २००५ चं, गॅसवर चालणारं. हे कळताच सौ.ला सिलिंडरची काळजी लागली. (अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात.) त्याने अठरा फोटो धाडले. सतरांत सोफा नि पडदे, एकात दरवाजा. कर्ज मागायला येणारेही आम्हाला दिवाणखानाच दाखवतात, सातबारा नव्हे!

वास्तविक घर बांधणारी कंपनी एक, खालची चासी करणारी दुसरी. त्या सालात मुख्य निवड दोघींतच: फोर्डची एफ-५३ किंवा वर्कहॉर्स. वर्कहॉर्सला जनरल मोटर्सचं ८.१ लिटरचं इंजिन आणि ॲलिसनचा पाच गिअरचा गिअरबॉक्स. घाटात ऐट भारी. फोर्डचं व्ही-१० इंजिन, गिअर चारच, चढावर ओरडतं. पण वर्कहॉर्सचा धंदा मालकांनी २०१२ साली गुंडाळला, एफ-५३ चालू आहे. मी फोर्डला मत दिलं. बँकवाल्याला चालू खातंच बरं वाटणार.

खरी मेख वजनात. या चासीची मर्यादा २२,००० पौंड, म्हणजे आमच्या भाषेत कॅश-क्रेडिटची लिमिट. घराचं वजन वजा करून उरेल त्यात माणसं, सामान आणि पाणी. पाणीच गॅलनला आठ पौंडांवर! वर सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या. उन्हाळ्यात सासू-सासरे यातूनच हिंडणार, म्हणून मी बजावलं, "आधी काट्यावर ने. टायरवरचे चार आकडेही वाच: दोन आठवड्याचे, दोन सालाचे."

रात्री फोन आला. "भावोजी, रिकामीच २१,७०० भरली. तीनशेत आम्ही सहाजण कसे बसणार?"

सौ.ने फोन ओढून घेतला. "दुसरी गाडी बघ. आईच्या बरण्या निघणार नाहीत."