कानउघाडणी

बाळंतिणीच्या कानाला वारा लागू देऊ नये, एवढीच काय ती माझी कानविद्या! लेक बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिचे दोन्ही कान मी फडक्याने घट्ट बांधले. अळिवाचे लाडू झाले, शतावरी झाली. पण तिसरा दिवस उलटला तरी पान्हा फुटेना. बाळ रडे, लेक रडे, आणि मी उठल्याबसल्या म्हणे, "आमच्या वेळी असं नव्हतं बाई!"

चौथ्या दिवशी नर्सबाई आल्या. त्यांनी फडके सोडले आणि लेकीच्या कानावर मोहरीएवढे बी चिकटपट्टीने लावले. 1950 च्या दशकात पॉल नोझिए या फ्रेंच डॉक्टरांना कानात उलट्या गर्भाची आकृती दिसली आणि त्यांनी कानावर साऱ्या शरीराचा नकाशा मांडला, असे त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आजी, बी आपलं जोडीला. दूध वाढतं ते बाळाच्या ओढण्यानं, आणि आईला धास्ती बसली की पान्हा अडतो. बाळाला सारखं पाजायला घ्या. दिवसाला सहा लंगोट ओले होऊ लागले, की दूध पुरतंय समजा."

बी दाबायचे काम माझ्याकडे आले. बाळ छातीशी, मी उशाशी. त्या दोन दिवसांत टोमणा एकही नाही! तिसऱ्या दिवशी बाळाच्या ओठांतून दूध ओघळले. मी लंगोट मोजले. सात!

"गुण बियांचा की बाळाचा गं?" मी विचारले.

लेक हसली. "आई, कान माझा दाबलास; उघाडणी मात्र तुझी झाली!"