सातच्या आकड्याचा खोटा भरवसा

‘सायबर सुरक्षेवर सोपं काहीतरी लिहा,’ असं संपादकांनी सांगितलं. पण माझ्या डोक्यात गेल्या पावसाळ्यातलं एक ऑडिट अजून घोळतंय. एका पतसंस्थेच्या सगळ्या शाखांतल्या स्विचना एकच पासवर्ड होता आणि तो असलेली कॉन्फिगरेशन फाइल कितीतरी जणांच्या मेलमध्ये पडून होती. ‘पासवर्ड एन्क्रिप्ट केलाय ना,’ असं व्यवस्थापक निर्धास्तपणे म्हणाले. फाइलमध्ये त्या पासवर्डाच्या आधी ७ हा आकडा होता.

पासवर्ड म्हटलं की लोकांना वायफायच आठवतो. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर ज्या पेटीला जोडलेले असतात, त्या स्विचलाही पासवर्ड लागतो हे वर्षानुवर्षं सांगून मी थकलो आहे. ज्याच्या हाती स्विच, त्याच्या हाती सगळी वाहतूक. केबल लावून कन्सोलवरून आत जाता येतं, नेटवर्कवरून व्हीटीवाय लाइनवर येता येतं. पण सर्वाधिकार मिळतात ते इनेबल मोडमध्ये.

सिस्को कंपनीच्या स्विचवर या मोडचा पासवर्ड ठेवायला दोन कमांड आहेत. ‘इनेबल पासवर्ड’ फाइलमध्ये जसाच्या तसा वाचता येतो, ‘इनेबल सीक्रेट’चा फक्त हॅश, म्हणजे उलटा न फिरवता येणारा ठसा, साठवला जातो, दोन्ही दिले तर सीक्रेटच चालतो. मग काही जण पहिलाच ठेवून ‘सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन’ चालू करतात. हाच तो टाइप ७. उदाहरणार्थ, ‘०९४एफ४७१ए१ए०ए’. दोन-दोनच्या जोड्या पाडा. पहिली जोडी, ०९, किल्लीतली सुरुवातीची जागा सांगते. उरलेल्या पाच जोड्या म्हणजे त्या किल्लीने झाकलेली पाच अक्षरं. उत्तर, इंग्रजीतलं ‘सिस्को’. ही किल्ली सगळीकडे एकच आहे आणि नव्वदच्या दशकापासून जगजाहीर आहे. मागून कोणी स्क्रीनवर डोकावलं तर पासवर्ड पटकन वाचता येऊ नये, एवढाच टाइप ७ चा उपयोग. कंपनीनेही याहून मोठा दावा केलेला नाही.

नंतर आलेला टाइप म्हणजे अधिक सुरक्षित, हाही गैरसमजच. ‘सीक्रेट’च्या टाइप ५ हॅशच्या जागी आणलेल्या टाइप ४ मध्ये सॉल्टच, म्हणजे हॅश करण्याआधी पासवर्डात मिसळायचा यादृच्छिक मजकूरच, नव्हता आणि हॅशिंगची फेरी एकच होती. तो ५ पेक्षाही कच्चा निघाला, हे सिस्कोने २०१३ मध्ये जाहीर केलं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने फेब्रुवारी २०२२ मध्ये टाइप ८ ची शिफारस केली. त्यात सॉल्टसह २०,००० फेऱ्या होतात, म्हणून एकेक अंदाज तपासणं चोराला महाग पडतं.

तरीही एकच पासवर्ड दहा जणांना माहीत असेल, तर कोणी काय बदललं हे कधीच कळणार नाही. प्रत्येकाला स्वतंत्र युजरनेम द्या. नेटवर्कवरून स्विचवर येण्यासाठी टेलनेट बंद करून एसएसएच ठेवा. टेलनेटवर पासवर्ड तारेतून उघडा जातो.

आणि तुमच्या संस्थेचं नेटवर्क सांभाळणाऱ्याला एवढं जरूर विचारा: फाइलमध्ये पासवर्डाच्या आधी ७ कुठे दिसतो का? दिसत असेल, तर नुसता टाइप बदलून भागणार नाही. तो पासवर्ड फुटलाच आहे असं समजा आणि जिथे जिथे वापरलाय तिथे तिथे नवा घाला.