बेलभंडारा

आमच्या कळंब तालुक्यातल्या गावी मारुतीच्या पारावर माणसे पावसाची वाट पाहायची, सोयरिकी जुळवायची. आणि निवडणूक आली की शपथाही घ्यायची. 1970 च्या सुमाराची गोष्ट. ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या आदल्या रात्री बेलभंडाऱ्याचे तबक धरण्याचा मान दहा वर्षांच्या माझ्याकडे आला. एकेकाने यावे, बेल उचलावा, उमेदवाराचे नाव घ्यावे. त्या ओळीत माझी आजीही होती. आमचे शेत त्याच उमेदवाराकडे गहाण होते.

दुसऱ्या दिवशी तिने मत दिले आणि घरी येऊन अंथरूण धरले. दोन दिवस पोटात अन्न नाही. मग मला म्हणाली, "चाल बाबू, चिंतामणीले जाऊन येऊ."

कळंबचा चिंतामणी जमिनीच्या पोटात आहे. पायऱ्या उतरून त्याच्याकडे जावे लागते. आजी बराच वेळ हात जोडून उभी राहिली. परतताना मी विचारले, "आजी, काहून रडली?"

"शपथ भेवानं घेतली बाबू. मत जिवानं देलं. थे त्याले सांगून आली."

वणीचे लोकनायक बापूजी अणे मोठे धर्मनिष्ठ, संस्कृतचे पंडित. तरी 1934 साली मालवीयजींसह त्यांनी वेगळा पक्ष काढला, तो धर्मानुसार मतदार विभागणाऱ्या जातीय निवाड्याविरुद्ध. पुढे 1951 च्या कायद्याने लोकसभा-विधानसभेसाठी धर्माच्या नावाने मत मागणे भ्रष्टाचार ठरवले. आणि 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितले, की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्मही त्यात येतो. सातांतले तिघे वेगळे बोलले, यावरूनच प्रश्न किती नाजूक आहे हे कळावे.

कारण श्रद्धा काही मतदानकेंद्राबाहेर चपलांसारखी काढून ठेवता येत नाही. आजीनेही ती ठेवली नव्हती. पारावर देवाला साक्षीदार म्हणून उभे केले होते, ते सावकाराच्या सोयीसाठी. चिंतामणीपुढे ती आपल्या पायांनी गेली. देव तोच, पण एका ठिकाणी त्याच्या नावाने तिचे तोंड बांधले गेले, दुसऱ्या ठिकाणी ते मोकळे झाले.

तिचे मत कोणाला गेले, हे तिने अखेरपर्यंत सांगितले नाही. मीही विचारले नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाचे तबक हाती घेतले, की मात्र ते दुसरे तबक आठवते. ते धरताना माझे हात जरासुद्धा कापले नव्हते.