'मी'ला 'ने' नाही

सुट्टीच्या दिवशी तळवड्यातली बरीचशी वर्कशॉप गप्प असतात. तेव्हा रुपीनगरच्या एका खोलीत मी आठ-दहा जणांना मराठी शिकवतो. लेथवरचे ऑपरेटर, पॅकिंगची पोरं, एक वॉचमन. भूतकाळ सुरू झाला की फळ्यावर पहिलं वाक्य ठरलेलं: 'त्याने चावी हरवली.' 'तो चावी हरवतो' यात कर्ता साधा, प्रथमेत असतो. काम उरकलं की त्याला 'ने' चिकटतो आणि क्रियापद त्याला सोडून चावीच्या मागे जातं.

चुकांवरून मला गाव ओळखता येतं. मेरठकडचा मुलगा 'मीने हरवली' म्हणतो, कारण त्याच्या हिंदीत 'मैंने' आहे. सिवानचा म्हणतो 'तो चावी हरवला', कारण त्याच्या भोजपुरीत 'ने' नाहीच. मराठीची तऱ्हा तिसरीच. 'तो', 'ती' यांना 'ने' लागतो. 'मी', 'तू' मोकळे. 'तू चावी हरवलीस' मध्ये तर क्रियापद चावीचं लिंग सांभाळतं आणि शेवटच्या 'स'ने तुझ्याकडे बोटही दाखवतं. शाळेत याला कर्तृ-कर्म-संकर म्हणून आम्ही घोकलं होतं.

मग हमखास प्रश्न येतो: 'तो चावी विसरला', इथे 'ने' का नाही? मी ऐटीत सांगायचो, "विसरताना माणूस काही करत नाही, म्हणून." एकदा सिवानच्याच मुलाने विचारलं, "मग 'तो मराठी शिकला'? शिकायला काही करावं लागत नाही, सर?" त्या रात्री मी मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' घेऊन बसलो. तेव्हापासून ऐट सोडली. विसरणे, शिकणे, बोलणे, म्हणणे: यादी देतो, पाठ करा म्हणतो.

त्याच मुलाने परवा शिफ्टच्या वहीतल्या पानाचा फोटो दाखवला. जॉबला आटे पाडताना टॅप आतच तुटला होता. अशा वेळी सगळे 'टॅप तुटला' एवढंच लिहितात. त्या वाक्यात माणूसच नसतो. याने लिहिलं होतं, 'मी टॅप तोडला.'

"इथे 'ने' नाही ना, सर?"

"नाही. बरोबर आहे."

तो खूश झाला. टॅप झिजलेलाही असू शकतो आणि 'टॅप तुटला' हेही शुद्ध मराठीच आहे, हे त्याला सांगावं की नाही, याचा विचार करत मी खडू हातात धरून उभा राहिलो.