चान्या

आमच्या घरी मोठ्याचं, म्हणजे गाई-बैलाचं किंवा म्हशीचं मांस शिजायचं, पण बाहेर त्याचं नाव काढायचं नाही. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही लातूरला वसाहतीत राहायचो. पातेलं चुलीवर चढायच्या आधी आई खिडक्या लावून घ्यायची. शेजारणीनं विचारलंच, तर ‘वांगं केलंय’ हे उत्तर ठरलेलं.

गावाकडं आजीला ही लपवाछपवी मान्य नव्हती. वाट्यातलं थोडं मटण बाजूला काढून ती त्याच्या लांब पट्ट्या करायची, मीठ-हळद चोळून अंगणातल्या दोरीवर वाळत घालायची. चांगली उन्हं लागली की चान्या तयार. पावसाळ्यात भाजीपाला नसला की त्या निखाऱ्यावर भाजायच्या, ठेचायच्या, येसूर मसाला आणि तिखट घालून पातळ कालवण करायचं. तेल नावापुरतं. त्या कालवणात चुरलेली ज्वारीची भाकरी मी अजूनही कुठल्याही हॉटेलातल्या ताटापेक्षा वरची मानतो.

मात्र आजी बजावून सांगायची, ‘मेलेलं खायाचं न्हाई.’ १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं होतं. ती हाक आमच्या वस्तीत पोचली तेव्हा पणजोबांनी गावाची मेलेली ढोरं ओढणंच बंद केलं, बलुत्याचं धान्य गेलं तरी. त्यामुळे ‘तुम्ही काहीही खाता’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. काय खायचं नाही, हे आमच्या घरानं पोटाला चिमटा काढून ठरवलेलं आहे.

२०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. गाईची कत्तल आधीपासूनच बंद होती. आता बैल आणि वळूही त्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयानं परराज्यातून आणलेलं गोमांस जवळ बाळगण्यावरची बंदी रद्द केली, कत्तलबंदी कायम ठेवली. म्हशीच्या मांसाला मनाई नाही. पण एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला ही कलमं कोण विचारतं? चुलत्यांनी मोठ्याचं आणणंच सोडलं.

आणि आता म्हणे आमचं जेवण हा वारसा आहे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकानंतर आमच्या स्वयंपाकाकडं पुष्कळांचं लक्ष गेलं, याचा मला आनंदच आहे. पुण्यातल्या एका खाद्यमहोत्सवात पुतणीला स्टॉल मिळाला. चान्या हव्यातच, असा आयोजकांचा आग्रह. फक्त मोठ्याच्या नकोत, बकऱ्याच्या करा.

पुतणीनं काकूला फोन लावला. काकू म्हणाली, ‘बकऱ्याच्या चान्या? अगं, बकऱ्याचं परवडत असतं तर वाळवून पुरवून कशाला खाल्लं असतं?’

शेवटी पुतणीनं चान्या ठेवल्याच नाहीत. येसूर घातलेली आमटी आणि भाकरी विकली. संध्याकाळच्या आत पातेलं रिकामं झालं.