दो गज जमीन आणि दोन डिस्क

एखादा सिनेमा टिकतो कशामुळे, याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात गमतीशीर उत्तर १९६८ सालचं आहे. पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करणाऱ्या जॉर्ज रोमेरोने मित्रांना गोळा करून साधारण १ लाख १४ हजार डॉलरमध्ये एक कृष्णधवल भयपट काढला. नाव ठेवलं 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. वितरकाला ते नाव नको होतं. त्याने शीर्षकाची पाटी बदलून 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' अशी केली. कॉपीराइटची ओळ जुन्या पाटीवर होती, ती नव्या पाटीवर घ्यायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार ती ओळ नसेल तर हक्कही नाही. म्हणजे सिनेमा पडद्यावर आला त्याच दिवसापासून सगळ्या जगाचा झाला.

पुढे व्हीएचएस आलं. ज्याच्याकडे कॉपी करायचं यंत्र होतं त्याने तो विकला. डीव्हीडी आल्यावर पुन्हा सगळ्यांनी विकला. धुरकट, कापलेल्या, खरखरीत आवाजाच्या किती आवृत्त्या निघाल्या त्याची गणती नाही. रोमेरोच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नाही. मी तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी हॉस्टेलवर एका मित्राच्या हार्ड डिस्कवरून पाहिला. पाचशे जीबीच्या त्या डिस्कवरचा बहुधा तो एकमेव कायदेशीर सिनेमा असावा.

शेतावरचं एकाकी घर, बाहेर सावकाश चालत येणारी प्रेतं, आणि आत तळघरात लपायचं की वरच थांबायचं यावर भांडणारी माणसं. सिनेमात 'झोंबी' हा शब्द एकदाही येत नाही. ड्वेन जोन्स हा काळा अभिनेता त्यात नायक आहे आणि त्याच्या रंगाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. शेवट सांगत नाही, पण तो बघितल्यावर आम्ही तिघं थोडा वेळ काही बोललो नव्हतो. २०१६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने मूळ निगेटिव्हवरून तो नव्याने उभा केला, २०१८मध्ये क्रायटेरियनची ब्लू-रे आली. पण मधली पन्नास वर्षं त्याला जिवंत ठेवलं ते फुकट्या कॉप्या काढणाऱ्यांनी, असं माझं मत आहे.

आपल्याकडे ही जात रुजायला मुळातच एक अडचण होती. कोकणात भुतांची टंचाई नाही. मुंजा आहे, हडळ आहे, समंध आहे, देवचार आहे. पण यातलं कुणी स्वतःचं मढं घेऊन फिरत नाही. ती झाडावर बसतात, वाटेत चकवतात, दुसऱ्याच्या अंगात येतात. आपण माणूस जाळतो, तर उठून यायला मागे उरतं काय? चालणारं प्रेत हवं असेल तर आधी कबर पाहिजे.

रामसे बंधूंनी ती खणली. वडील एफ. यू. रामसे यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर ते मुंबईला आले आणि पुढे सिनेमात पडले. १९७० सालचा त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर अक्राळविक्राळ मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्या प्रसंगाला थिएटरात आरडाओरडा व्हायचा. मुलांनी ते बरोबर हेरलं आणि वडिलांना पटवलं. सात भाऊ, एक लिहिणार, एक कॅमेरा, एक आवाज, एक संकलन, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला नेलं आणि तिथे शूटिंग करून १९७२मध्ये 'दो गज जमीन के नीचे' आणला. श्रीमंत नवऱ्याला मारून पुरलं जातं आणि तो परत येतो. धुकं मात्र महाबळेश्वरचंच, त्याला वेगळा खर्च नाही.

'दो गज जमीन' हे शब्द बहादूरशहा जफरच्या नावावर असलेल्या गझलेतले. इंग्रजांनी त्याला १८५८मध्ये दिल्लीहून रंगूनला नेलं, तो तिथेच १८६२मध्ये गेला. पुढे त्याच इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला उचलून आमच्या रत्नागिरीत आणून ठेवलं. तो १९१६ साली इथे गेला आणि त्याचीही समाधी इथेच आहे. एकाची माती तिकडे, दुसऱ्याची इकडे. थिबा पॅलेसवरून जाताना मला हा सिनेमा आठवतो तो या नावामुळे. रामसेंच्या मनात यातलं काही असेल असं अजिबात वाटत नाही.

मी 'दो गज' पाहिला तो मामाच्या दुकानातल्या व्हीसीडीवर. मारुती मंदिरजवळ मामाची छोटी लायब्ररी होती. एका दिवसाचे दहा रुपये आणि नव्या गिऱ्हाइकाकडून डिपॉझिट. रामसेंच्या डिस्क शनिवारी दुपारनंतर मिळायच्या नाहीत. भयपट नेणारी मंडळी सोबत एखादा देवाधर्माचा सिनेमाही न्यायची, घरी दाखवायला. २००७च्या सुमाराला मोझर बेअरने नवीकोरी व्हीसीडी २८ रुपयांत विकायला काढली, आणि दहा रुपये भाडं देऊन परत आणून द्यायची कटकट कोण करणार? मामाने दोन वर्षं रेटलं, मग त्याच गाळ्यात मोबाइल रिचार्ज सुरू केलं. राहिलेल्या डिस्क तीन गोणींत भरून माळ्यावर गेल्या.

गेल्या मे महिन्यात घराचं छप्पर उतरवायचं ठरलं तेव्हा त्या खाली आल्या. मामा म्हणाला, "अरे, भंगारवाला पण हात लावत नाही त्यांना. जाळू पण नये म्हणतात." मी घरून काम करत होतो, म्हटलं मी बघतो. बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह मागवला.

व्हीसीडी ही किती काटकसरी वस्तू आहे हे तेव्हा नीट कळलं. चित्र ३५२ गुणिले २८८, आताच्या फोनवर अंगठ्याएवढं दिसेल. साध्या डेटा सीडीत दर सेक्टरला २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेल्या जागेतली बरीचशी चूक दुरुस्तीसाठी राखलेली असते. व्हीसीडीने तो थरच काढून टाकला आणि २३२४ बाइट चित्राला देऊन टाकले. म्हणून चरा पडला की दुरुस्ती नाही, थेट चौकोन. नायिकेच्या कपाळावर हिरवा चौकोन.

तरी 'दो गज'च्या दोन्ही डिस्क वाचल्या गेल्या. कोकणातले पंधरा पावसाळे, वर बुरशीची नक्षी, पण पाण्याने पुसल्यावर सुरू. कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये माहिती प्लास्टिकमध्ये ठशासारखी उठवलेली असते. मरायला तयार नाही ती.

तिसऱ्या गोणीत मात्र सिनेमे नव्हते. मामा लग्नांच्या कॅसेटवरून सीडी करून द्यायचा, त्यातल्या न नेलेल्या किंवा जादा काढलेल्या कॉप्या होत्या. मार्करने नाव, तारीख. त्यात २००४ सालचं मावशीचं लग्न निघालं. मावशी चिपळूणला. तिची कॉपी जुलै २०२१च्या पुरात कपाटासकट गेली. मूळ टेप व्हिडिओवाल्याने पुढच्या लग्नाला वापरली असणार, तशीच पद्धत होती. आजोबा त्यानंतर वर्षभरात गेले. त्यांचे फोटो आहेत, हलताना मात्र फक्त या डिस्कवर.

घरी लिहिलेल्या सीडीत ठसे नसतात. रंगाचा थर असतो आणि लेझर त्यावर डाग पाडतो. तो रंग उष्णतेने, दमटपणाने उडतो. पहिली डिस्क ड्राइव्हने ओळखलीच नाही. दुसरीवर मी एक प्रोग्रॅम लावला, जो वाचता येईल ते आधी उचलतो आणि अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन बघतो. चार रात्री तो चालू होता. आई सकाळी चहा देताना विचारायची, "किती झालं?" मी टक्के सांगायचो. तेराच्या पुढे आकडा सरकला नाही.

तेवढ्यातून साडेआठ मिनिटं जुळली. मांडव, पंगत, कुणाचे तरी पाय, आणि मग अठ्ठावीस सेकंद आजोबा. हातात तांब्या, धोतराचा सोगा खोचलेला, पंगतीतून सावकाश कॅमेऱ्याच्या दिशेने चालत येतात, थांबतात, काहीतरी बोलतात. मध्येच अर्धा चेहरा चौकोनात जातो आणि परत येतो. आवाज नाही. म्हणजे आहे, पण व्हिडिओवाल्याने सबंध लग्नावर सनई चढवलेली आहे.

आईने ते सतरा वेळा तरी लावायला सांगितलं. मामाचं म्हणणं, अण्णा आचाऱ्याला भाताबद्दल ओरडतायत. आई म्हणते, छे, मला हाक मारतायत, ओठ बघ ना. मावशीला फाइल पाठवली तेव्हा तिने फोन करून तिसरंच काहीतरी सांगितलं. मी ती फाइल चार ठिकाणी ठेवली आहे. पहिली डिस्क अजून टेबलावर आहे. पुण्यातल्या एका मित्राकडे जुन्या बनावटीचा ड्राइव्ह आहे, गणपतीला येताना तो घेऊन येणार आहे.